दृष्टिपटलाचे दफ्तर

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या यंत्रावर लेख लिहावा, अशी सूचना संपादकांनी केली तेव्हा त्यांच्या मनात खामगावच्या बाजारपेठेतील एखादी जुनी जिनिंग फॅक्टरी असावी. परंतु अलीकडे या जिल्ह्यातील पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी मोतीबिंदू, काचबिंदू आणि शुगर यांच्या जोडीने ‘पडद्याचा स्कॅन’ हा जो शब्द सहजगत्या येऊ लागला आहे, त्यामागचे यंत्र काय पाहते आणि पाहिलेले कोठे ठेवते, हे जाणून घेण्याची जिज्ञासा मला अधिक बलवत्तर वाटली. म्हणून तालुक्याच्या एका गावी, नेत्ररुग्णालयाच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, मी त्या यंत्राच्या खोलीत जाऊन बसलो. खोली लहान, खिडकीला जाड पडदा, एका मेजावर यंत्र, शेजारी संगणक, आणि त्या दोहोंच्या मध्ये, एक हात माउसवर व दुसरा रुग्णाच्या मस्तकामागे ठेवून बसलेली एक तरुण तंत्रज्ञ, जिला सर्व वयांचे रुग्ण ‘ताई’ म्हणतात.

यंत्राचे नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, व्यवहारात ओसीटी. त्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जेम्स फुजिमोटो, त्यांचे विद्यार्थी डेव्हिड ह्वांग, लिंकन प्रयोगशाळेचे एरिक स्वान्सन आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मृत डोळ्याच्या दृष्टिपटलाचे आणि हृदयाच्या रोहिणीचे छेदचित्र होते. दोन वर्षांतच जिवंत डोळ्याची चित्रे निघाली, १९९६ मध्ये यंत्र बाजारात आले, आणि २०२३ साली या तिघांना लास्कर पारितोषिक देण्यात आले. पाते न लावता डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद पाहता येणे, तोही रुग्णाला कसलीही वेदना न होता, ही नेत्रवैद्यकातील फार मोठी घटना होती, आणि ती पस्तीस वर्षांच्या आत मुंबई-पुण्याच्या सीमा ओलांडून, जेथे जिल्ह्याच्या मुख्य गावालाच आजवर रेल्वे पोचलेली नाही अशा प्रदेशात येऊन स्थिरावली, याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते.

त्याचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. सोनोग्राफीत ध्वनी आत पाठवून तो किती वेळाने परत येतो यावरून अवयवाची खोली ठरते. येथे ध्वनीच्या जागी सुमारे ८४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा अवरक्त प्रकाश असतो. पण प्रकाशाची गती अशी की दहा मायक्रॉनचे अंतर तोडण्यास त्याला जो काळ लागतो तो, सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातील एका भागाचा तीन-चार शतांश इतकाच भरतो; एवढा काळ मोजणारे घड्याळ नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात मायकेलसन यांनी योजिलेल्या युक्तीचा आश्रय घ्यावा लागला: एका किरणाचे दोन भाग करावयाचे, एक डोळ्यात आणि दुसरा ठराविक अंतरावरील आरशाकडे पाठवावयाचा, आणि दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळले की त्यांच्या व्यतिकरणावरून अंतराचा निवाडा करावयाचा. पूर्वीच्या यंत्रांत हा आरसा प्रत्यक्ष मागेपुढे हलत असे. २००२ साली आलेले स्ट्रॅटस हे यंत्र या रीतीने सेकंदाला चारशे रेषा मोजी. २००६ च्या सुमारास आलेल्या स्पेक्ट्रल जातीच्या यंत्रांनी आरसा स्थिर केला, परत आलेल्या प्रकाशाचे रंगपटात पृथक्करण केले, आणि उष्णतेच्या वहनाचा विचार करताना फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या ग्रंथात मांडलेल्या गणिताने खोलीच्या सर्व पातळ्यांचे उत्तर एकदम काढले. अर्थात संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र कोणत्याही भिंगाने टिपलेले नसते. यंत्राच्या हाती येतो तो केवळ रंगपटाचा चढउतार. चित्र संगणकातील प्रणाली हिशेब करून घडविते, आणि हा हिशेब होईपर्यंत ते चित्र जगात कोठेही अस्तित्वात नसते. पुढील सारे यश व सारे धोके या एका गोष्टीतून निघतात, हे मला ताईच्या शेजारी बसूनच उमगले.

तिच्या कामाचा आरंभ नोंदणीने होतो. नाव, लिंग, जन्मतारीख आणि क्रमांक भरल्याशिवाय प्रणाली पुढे जाऊ देत नाही. मग कोणता स्कॅन घ्यावयाचा ते निवडावे लागते: पीतबिंदूचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा घन, दृष्टिचेतेच्या मुखाचा घन, की एकाच जागेच्या मोजक्या पण सुबक रेषा. झाइस कंपनीच्या सिरस या बहुप्रचलित यंत्रात पीतबिंदूचा घन सहा मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. त्यात १२८ छेद आणि प्रत्येक छेदात ५१२ रेषा, म्हणजे एकूण ६५,५३६ रेषा. सेकंदाला २७,००० रेषांच्या वेगाने हे काम अडीच सेकंदांच्या आत आटोपते. प्रत्येक रेषेवर खोलीचे १,०२४ बिंदू धरले तर एका डोळ्याच्या एका स्कॅनमध्ये सहा कोटी एकाहत्तर लाखांवर बिंदू साठतात.

अडीच सेकंद म्हणजे फार थोडा अवकाश असे वाचकास वाटेल. परंतु ज्या डोळ्याचा स्कॅन घ्यावयाचा तोच बहुधा आजारी असतो, आणि त्याला त्या अवधीत एकाग्र ठेवणे हीच या साऱ्या कारभारातील खरी कसोटी आहे. रुग्णाने हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून, आत दिसणाऱ्या खुणेकडे पाहत राहावे अशी योजना असते. मी बसलो होतो तेव्हा मेहकरकडची एक वृद्धा आली. ताई म्हणाली, “आजी, हनुवटी इथं टेकवा, कपाळ पुढं लावा, आता आत हिरवी खूण दिसते ना, तिच्याकडं पाहा.” आजी म्हणाल्या, “मले त काहीच दिसत नाई ना बाप्पा.” यात आडमुठेपणा काहीच नव्हता, पीतबिंदूला सूज आलेल्या डोळ्याला मध्यभागची खूण दिसणार कशी? ताईने आतली खूण सोडून दिली, यंत्राबाहेरचा छोटा दिवा दुसऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यासमोर आणला, आजींना तिकडे पाहावयास सांगितले, आणि दोन्ही डोळे एकत्रच वळतात या निसर्गनियमाचा आधार घेऊन आजारी डोळा मध्यावर आणून बसविला. मग कृत्रिम अश्रूंचा एक थेंब, कारण कोरड्या बुबुळावरून प्रकाश नीट आत जात नाही. दोनदा पापण्या मिटावयास सांगणे. संगणकाच्या पडद्यावरील छेद चौकटीच्या मध्यात येईपर्यंत चाकाने अंतर साधणे. आणि मग “आता लवू नका” असे म्हणून कळ दाबणे. संकेताचे बल दहापैकी चार आले. यंत्राने चित्र स्वीकारले असते, ताईने स्वीकारले नाही. सहाच्या खालचे चित्र ती ठेवीत नाही. तिने तेवढ्याच शांतपणे सारा विधी पुन्हा केला आणि सात मिळविले.

चित्र उघडल्यावर तिने आजींच्या मुलाला ते समजावून सांगितले. निरोगी पडद्याच्या छेदात मध्यभागी एक उथळ, सुरेख उतरणीचा खळगा दिसतो. तो दाखविण्यासाठी ती दुसऱ्या एका, नाव झाकलेल्या डोळ्याचे चित्र शेजारी लावते आणि म्हणते की हे आपले लोणार, असा खळगा दिसायला हवा. आणि तुमच्या आईच्या डोळ्यात पाणी साठून खळगा बुजला, उलट तेथे टेकडी झाली. सुमारे अठराशे मीटर व्यासाचे लोणारचे ते विवर आणि दीड मिलिमीटरचा हा खळगा यांना एका वाक्यात आणणारी ही उपमा त्या मुलाला तत्काळ पटली, आणि इंजेक्शनासाठी पुन्हा का यावे लागेल हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

या प्रणालीचा दुसरा भाग चित्र पाहण्याचा, आणि माझ्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रणाली छेदावर पडद्याच्या वरच्या व खालच्या सीमेच्या रेषा स्वतः आखते, त्यांमधील अंतर मोजते, आणि त्या अंतराचा रंगीत नकाशा करून एका कागदावर छापते; निरोगी लोकांच्या संचाशी तुलना करून हिरवा, पिवळा वा लाल रंग देते. शंभरातील नीचतम एकाच्या खाली मोजमाप गेले की लाल, पाचांच्या खाली गेले की पिवळा. हा कागद इतका देखणा व निश्चयात्मक असतो की वाचणाऱ्याला पुढे काही पाहावेसे वाटू नये. ताई मात्र १२८ छेद एकामागून एक सरकवीत पाहते, आणि आजींच्या चित्रात रेषा सुजेच्या कडेला चुकून मधल्याच थरावर उतरल्याचे तिने मला दाखविले. तेथे कागदावरचा आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमी भरला असता. तिने रेषा हाताने ओढून जागी बसविली आणि डॉक्टरांसाठी तशी टीप लिहिली. पापणी लवली तर काळा पट्टा येतो, डोळा हलला तर रक्तवाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसते, खूप मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात छेदाची कड उलटी उमटते; हे सारे छेदात दिसते, रंगीत कागदावर ते केवळ रोग होऊन बसते.

आता अडचणी सांगितल्या पाहिजेत.

पहिली जन्मतारखेची. पडद्याची जाडी वयाप्रमाणे घटते, सबब तुलना वयानुसार होते. परंतु या भागातील कित्येक वृद्धांच्या आधारपत्रावर अंदाजी सालापुढे १ जानेवारी लावलेली असते, आणि प्रणाली तिच्यावर निःशंक विश्वास ठेवते. शिवाय ज्या निरोगी संचाशी तुलना होते तो कोणाचा? सिरसच्या मूळ संचात १९ ते ८४ वयाचे २८४ लोक होते आणि त्यांत भारतीय वंशाचे अगदी मोजके. वऱ्हाडच्या डोळ्याचा न्याय कोणत्या दाखल्यावर होत आहे, याची जाणीव लाल रंग पाहून घाबरणाऱ्या माणसाला करून दिली पाहिजे.

दुसरी नावाची. मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना एकदा एक अक्षर अधिक पडले, एकदा कमी पडले, की प्रणालीच्या लेखी दोन निराळ्या व्यक्ती होतात, आणि मागील स्कॅनशी तुलना, जी काचबिंदूच्या रुग्णाला सर्वांत मोलाची, ती उपलब्धच होत नाही. ताई दर आठवड्याला अशी दुभंगलेली खाती शोधून एकत्र करते; हे काम तिला कोणी नेमून दिलेले नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. येथील रुग्ण एका जागी राहत नाही. लोणारचा माणूस कधी बुलढाण्यास दाखवितो, कधी जालन्यास, कधी अकोल्यास. मलकापूर-शेगावकडचा रेल्वेने मुंबईपर्यंत जातो. प्रत्येक ठिकाणी यंत्र निराळे, आणि प्रत्येक यंत्र पडद्याची खालची सीमा निराळ्या थरावर धरते, त्यामुळे त्याच डोळ्याची जाडी स्ट्रॅटसपेक्षा सिरसवर किंवा स्पेक्ट्रॅलिस या यंत्रावर काही दशक मायक्रॉनांनी अधिक भरते. यंत्राचे नाव न पाहता दोन कागद शेजारी ठेवणाऱ्याला सूज वाढली असे वाटेल, आणि गरज नसलेले इंजेक्शन दिले जाईल. उलट क्रमाने कागद आले तर गरजेचे राहून जाईल. मूळ स्कॅन पाहता आला तर हा घोटाळा एका क्षणात मिटतो. पण मूळ स्कॅन जातो कोठे? सहा कोटींहून अधिक बिंदूंचा तो घन, ज्या बांधणीत त्या-त्या कंपनीने ठेवला तीत, त्या-त्या संगणकाच्या डिस्कवर पडून राहतो. दुसऱ्या कंपनीची प्रणाली तो सहसा वाचीत नाही. वैद्यकीय प्रतिमांसाठी डायकॉम हे सर्वमान्य प्रमाण आहे, त्यात डोळ्याच्या छेदचित्रांची तरतूदही आहे, आणि सर्व यंत्रांनी ते पाळावे अशी शिफारस अमेरिकेच्या नेत्रवैद्यक अकादमीने २०२१ मध्ये केली. तथापि तो भाग अनेकदा वेगळा परवाना घेऊन विकत घ्यावा लागतो आणि लहान गावचा डॉक्टर तो खर्च टाळतो. डिस्क भरली की जुने स्कॅन पुसले जातात. लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला तर चालू स्कॅन जातो. संगणक बिघडला तर वर्षानुवर्षांचे दफ्तर जाते. रुग्णाच्या हाती उरतो तो रंगीत कागद, तोही घडी पडून पुसट झालेला.

अंगी एवढे कौशल्य असलेली व्यक्ती अडीच सेकंदांच्या एकाग्रतेसाठी अर्धा तास खर्च करते, आणि तिने मिळविलेला पुरावा पुढच्या गावी निरुपयोगी ठरतो, हे मला अन्यायाचे वाटते. त्यावरचा उपाय अशक्य कोटीतील नाही. खाजगी डॉक्टरांनी यंत्र घेतानाच डायकॉमची तरतूद करारात लिहून घ्यावी. बुलढाण्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातील डोळ्यांच्या स्कॅनचे एक सामाईक दफ्तर राखण्याची तजवीज आरंभापासूनच करावी, आणि वऱ्हाडातील निरोगी डोळ्यांचा स्वतःचा तुलनासंच जमविण्याचे कामही अंगावर घ्यावे. आणि वाचकहो, आपल्या घरातील कोणाच्या पडद्याचा स्कॅन होणार असेल तर केवळ रंगीत कागद घेऊन परत येऊ नका: यंत्राचे नाव कागदावर लिहून मागा, मूळ स्कॅनची प्रत पेनड्राइव्हवर मागा, प्रत्येक वेळी नाव व जन्मतारीख तशीच्या तशी लिहिली जाईल हे पाहा, आणि पुढच्या डॉक्टरांकडे जाताना ती प्रत बरोबर न्या.