‘व्हेस्टेड’ : एका शब्दाचे दोन अर्थ

1720 सालीं शाहू छत्रपतींनीं पहिल्या बाजीरावास पेशवेपदाचीं वस्त्रें दिलीं, असें आपण इतिहासांत वाचतों. अधिकार हा अंगावर चढवावयाचा पोशाख आहे, ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. इंग्रजींतील ‘व्हेस्टेड’ हा शब्द तिच्यांतूनच निघाला. लॅटिन भाषेंत ‘वेस्टिस’ म्हणजे पोशाख. आपल्या ‘वस्त्र’ शब्दाशीं त्याचें मूळचेंच नातें आहे. तेव्हां ‘व्हेस्टेड राइट’, म्हणजेच निहित हक्क, हा ज्याच्या अंगावर एकदां चढला, त्याचाच झालेला हक्क होय.

कायद्यांत या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. समजा, एका गृहस्थानें बक्षीसपत्र केलें कीं, घराचा उपभोग पत्नीनें हयातभर घ्यावा व नंतर घर पुतण्याचें व्हावें. पुतण्याला ताबा पुढें मिळावयाचा; पण हक्क आजच मिळाला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणें, ताबा मिळण्यापूर्वीं तो वारला, तरी हक्क बुडत नाहीं; तो त्याच्या वारसांकडे जातो. उलट, ‘पुतण्या पदवीधर झाला तर घर त्याचें’ असें लिहिलें असेल, तर 21 व्या कलमांतील सशर्त हक्क होतो. पदवीपूर्वीं तो वारला, तर त्याच्या विधवेच्या हातीं कांहींच येत नाहीं. ‘नंतर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांतील अंतर एवढें मोठें आहे! दस्तऐवजावर सही करण्यापूर्वीं ते नीट वाचावे, हें उत्तम.

‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ या शब्दप्रयोगाचा व्यवहारांतील अर्थ मात्र निंदाव्यंजक आहे. चालू व्यवस्थेंत ज्यांचा लाभ गुंतलेला असतो व म्हणून जे तींत बदल होऊं देत नाहींत, त्यांना उद्देशून तो वापरतात. हे दोन अर्थ एकत्र कसे नांदतात, तें एका उदाहरणावरून दिसेल. 1833 सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून 2 कोटि पौंड मंजूर झाले. गुलामांना एक पैहि मिळाली नाहीं. मालकांच्या अंगावरील हक्काचें वस्त्र कायद्याला दिसलें. उघड्या पाठीवरचे वळ दिसले नाहींत.

म्हणून कोणी निहित हक्काची भाषा बोलूं लागला, म्हणजे दोन प्रश्न विचारावे. हा हक्क मिळालेला आहे, कीं मिळण्याची केवळ आशा आहे? आणि मिळालेला असेल, तर तो कोणाच्या अंगावरून उतरवून मिळाला?