बहुश्रुत वैद्य आणि ग्रंथवाचन

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या, म्हणजे प्रभाषणीय अध्यायात चिकित्सकासाठी एक महत्त्वाचा दंडक घालून दिला आहे. केवळ एकच शास्त्र शिकणाऱ्यास त्या शास्त्राचाही यथार्थ निश्चय होत नाही, म्हणून चिकित्सकाने बहुश्रुत असावे, असा त्याचा आशय आहे. पदवीनंतर मात्र आपल्यापैकी अनेकांचे वाचन संहितेची निवडक स्थाने आणि औषध कंपन्यांची माहितीपत्रके एवढ्यावरच थांबते. ही उणीव केवळ रसिकतेची नाही. तिचा थेट संबंध रुग्णपरीक्षेशी आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितलेल्या दशविध परीक्षेत सात्म्य आणि सत्त्व यांचा समावेश आहे. तेथेच रुग्ण कोणत्या देशात जन्मला, वाढला व व्याधित झाला, याचाही विचार सांगितला आहे. नाडी व जिव्हा पाहून या गोष्टी पुरत्या उमगत नाहीत. त्यासाठी माणसाचे जगणे ठाऊक असावे लागते.

केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित असलेल्या आमच्या धर्मापुरी परिसराचेच उदाहरण घ्यावे. बीड जिल्ह्यातील असंख्य जोडपी उचल घेऊन, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता खांद्यावर टाकून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. अशी स्त्री कटिशूल वा श्वेतप्रदर सांगत समोर बसते, तेव्हा तिला केवळ विश्रांती व पथ्य सांगणारा वैद्य तिचा हेतूच जाणत नाही. खाडा झाल्यास मजुरी बुडते, उचल फिटत नाही, फडात आडोसा नसतो. हे निदानपंचकातील हेतूच होत. तिचे दुःख ऐकून घेण्याची तयारी वाचनाने वाढते.

या दृष्टीने निरनिराळ्या प्रकारचे काही ग्रंथ वैद्यबंधू-भगिनींना सुचवावेसे वाटतात.

समाजवर्णनात त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) प्रथम वाचावे. बलुतेदार, शेतकरी आणि फिरस्ते यांचे परस्परांवरील अवलंबित्व त्यातून उमगते. कादंबऱ्यांमध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आहे. दुष्काळाने वस्ती कशी उठते, हे ती कोणताही आक्रोश न करता दाखवते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) मराठवाडी बोलीत एका शिंप्याच्या घराची धूळधाण सांगते. रुग्णेतिहास घेताना ज्यांना ग्रामीण स्त्रीचे बोलणे पाल्हाळ वाटते, त्यांनी ती अवश्य वाचावी. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीत शेतकरी कुटुंबाची कोंडी आहे. अनिद्रा, अग्निमांद्य आणि विषाद घेऊन येणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे सत्त्व परीक्षिताना तिची आठवण होते.

आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अग्रगण्य. पतीच्या १८९५ मधील धर्मांतरानंतरचा ताटातुटीचा काळ त्या विनोदबुद्धी न गमावता सांगतात. प्रवर सत्त्व म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा येथे अधिक स्पष्ट होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) जातीने माणसाच्या मनावर उमटवलेले व्रण दाखवते. ललित गद्यात दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ऋतुचर्येच्या अध्यायासोबत ठेवावे. महिन्यामहिन्याने पालटणारी झाडे, फुले व आकाश डोळसपणे पाहण्याची सवय त्यामुळे लागते.

औषधी दुकानदार व निर्मात्यांसाठी डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ (१९२७) आजही हाताशी असण्याजोगा आहे. कच्च्या मालात एका द्रव्याच्या नावाखाली दुसरेच येण्याचा धोका नित्याचा असल्याने, द्रव्यपरिचयाचे वाचन हे येथे रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

प्राचीन मराठीसाठी आपणांस फार दूर जावयास नको. अंबाजोगाई ही मुकुंदराज व दासोपंतांची भूमी. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहिला. पंचमहाभूते हा ज्यांच्या शास्त्राचा पाया, त्या वैद्यांनी ही पासोडी जवळची मानावी.

वेळ नाही, ही सबब रास्त वाटली तरी रोज निजण्यापूर्वी दहा पाने वाचल्यास वर्षाकाठी दहा-बारा ग्रंथ सहज होतात. तालुका पातळीवरील मासिक बैठकीत एका सभासदाने दहा मिनिटे एका ग्रंथाचा परिचय करून द्यावा व त्याच्या अनुषंगाने एका रुग्णाची चर्चा व्हावी. चिकित्सालयाच्या बाकावर जुन्या जाहिरातपत्रकांऐवजी चार चांगली पुस्तके ठेवावीत. त्यासाठी येणारा खर्च एखाद्या शास्त्रीय परिषदेच्या प्रवेशशुल्काहून अधिक नाही.