मरीच्या भाऊबंदाचे मांस

वैरागच्या शिवारात ऐन फुलोऱ्यात उभे असलेले तुरीचे झाड एकाएकी मान टाकते, आणि त्याचा बुंधा उभा चिरून पाहिला असता आत काळसर रेघ उमटलेली दिसते, तेव्हा बार्शी तालुक्यातील शेतकरी ‘मर लागली’ एवढेच म्हणून गप्प होतो. या अनर्थाचे मूळ फ्युजेरियम नामक बुरशीत आहे. तुरीवर तिची एक जात, हरभऱ्यावर दुसरी, आणि एकदा जमिनीत ठाणे दिल्यावर ती वर्षानुवर्षे कबजा सोडीत नाही. तिच्या बंदोबस्तासाठी कोणी पिकाची फेरपालट करतो, कोणी राहुरीच्या विद्यापीठाचा ‘विजय’ हरभरा पेरतो, तर कोणी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळतो. ही ट्रायकोडर्माही बुरशीच, तेव्हा काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

याच फ्युजेरियमच्या घराण्यातील एक जात इंग्लंडात मांसाऐवजी ताटात वाढली जाते, हे ऐकून आमच्याकडील शेतकऱ्याने काय म्हणावे? जगाला प्रथिनांचा दुष्काळ पडणार अशी धास्ती 1960 नंतरच्या दशकात विद्वानांना पडली होती, आणि पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या रँक यांच्या कंपनीने पिष्टापासून प्रथिने निर्माण करणारा जीव शोधण्यासाठी मातीचे 3,000 हून अधिक नमुने तपासले. हवा तो जीव अखेर सापडला तो 1967 साली, इंग्लंडातील मार्लो गावच्या मातीत. त्याचे शास्त्रीय नाव फ्युजेरियम व्हेनेनॅटम, म्हणजे ‘विषारी’. नामकरणातला हा विनोद शास्त्रज्ञांना सुचला नसावा. दीर्घ परीक्षणानंतर 1985 मध्ये ‘क्वॉर्न’ या नावाने ते अन्न बाजारात आले.

सुमारे 40 मीटर उंचीच्या बंद टाक्यांत ग्लुकोज, अमोनिया आणि हवा यांवर ही बुरशी अखंड वाढते. पुढे तिला उष्णता देऊन तिच्यातील न्यूक्लिक आम्ल कमी करतात, कारण ते अधिक पोटात गेल्यास रक्तातील युरिक आम्ल वाढते. मग अंड्यातील पांढऱ्या भागाने तंतू बांधून, वाफवून, गोठवतात, तेव्हा बर्फाचे स्फटिक त्या तंतूंना एकमेकांलगत दाबतात आणि दाताखाली मांसाचा चिवटपणा येतो. शंभर ग्रॅमांत सुमारे 11 ग्रॅम प्रथिने, शिवाय तंतुमय अंश. अंड्यामुळे माळकऱ्याने मात्र ते वर्ज्य समजावे. बटाट्याच्या प्रथिनाने बांधलेला प्रकारही मिळतो, तो निराळा.

अंडे सोडले तरी बुरशी खावी की नाही, ही शंका जुनीच आहे. मनुस्मृतीने द्विजांना लसूण आणि कांदा यांच्याबरोबर ‘कवक’ही वर्ज्य सांगितले आहे, आणि आजच्या मराठी शास्त्रीय परिभाषेने बुरशीसाठी नेमका तोच शब्द उचलला. वस्तुतः बुरशी वनस्पती नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत कीटकांच्या कवचातले कायटिन असते आणि वंशवृक्षात ती झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे, तेव्हा शास्त्रकारांचा संशय अगदीच निराधार होता असे मला म्हणवत नाही.

चाळीस मीटरची टाकी वैरागला कोण उभारणार? पण सोयाबीनची मळणी झाल्यावर बांधावर पेटणारे भुसकट ही आपल्याकडे उदंड वस्तू आहे. ते भिजवून, गरम पाण्यातून काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत धिंगरी अळिंबीच्या बियाण्यासह भरले आणि खोलीत ओलावा राखला, तर काही आठवड्यांत पहिला तोडा येतो. ताज्या धिंगरीत नव्वद टक्के पाणीच असते, तिला मांस म्हणवून विकणे लबाडी ठरेल. पण येसराच्या झणझणीत रश्श्यात ती शिजली की मटणाची आठवण काढण्याचे कारण मला उरत नाही. अडचण एकच, आणि ती आमच्या मुलखाची जुनीच: चैत्र-वैशाखात खोलीत ओलावा राखायला पाणी कुठून आणायचे.