टब घेताय? आधी पाण्याचा हिशेब!

दिवसभर लेक्चर्स, मग एसटीत उभ्याने प्रवास. घरी आल्यावर मोबाइलवर फोल्डिंग हॉट टबचं रील दिसलं की घ्यावासा वाटणारच! पण देवगाव रंगारीसारख्या गावात राहत असाल, तर ऑर्डरआधी थोडं गणित करा.

छोट्या टबमध्ये 240 लिटर पाणी धरा. म्हणजे 20 लिटरचे तब्बल 12 जार! ते 25 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला चार युनिटांहून जास्त वीज लागते. शिवाय नुसत्या पाण्याचं वजन 240 किलो. पत्र्यावर किंवा जुन्या माळवदावर टब नकोच.

मग हौस सोडायची? मुळीच नाही. बाजारातला खोलगट प्लॅस्टिकचा टब घ्या. 20 लिटर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. वीज अर्ध्या युनिटहून कमी. पाणी नंतर झाडांना घाला. फक्त हीटरचा रॉड बादलीत वापरा, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नका.

अख्खं अंग बुडवायचंय? मग मित्रांसोबत नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरला जा. तिथलं पाणी निसर्गच तापवतो!