आद्य मूक व्यंगचित्रपटांतील वंशविडंबन

जुन्या कागदांचा अभ्यासक दप्तरांतील पत्रांस ज्या कसोट्या लावतो, त्याच अमेरिकेंतील आद्य मूक व्यंगचित्रपटांसहि लावावयास हव्यात. हे पट करमणुकीसाठीं निर्माण झाले. तथापि तत्कालीन समाजमनाचा ते अस्सल पुरावा होत.

याचें ठळक उदाहरण जे. स्टुअर्ट ब्लॅकटन याच्या ‘लाइटनिंग स्केचेस’ (इ. स. १९०७) या पटांत सांपडतें. त्यांत चित्रकार ‘कून’ व ‘कोहेन’ हे दोन शब्द घेतो. पहिला अमेरिकेंत कृष्णवर्णीयांस हिणविण्याकरितां वापरीत. दुसरें यहुदी लोकांतील आडनांव असून त्याचा मूळ हिब्रू अर्थ ‘पुरोहित’ असा आहे. कांहीं रेघा वाढवितांच त्या अक्षरांतूनच त्या त्या समाजाचीं विडंबित मुखें प्रकट होतात. येथें कोणा व्यक्तीचें चित्र नाहींच. नांव कळलें कीं माणूस कळला, हा समज ज्यांच्या मनांत आधींच रुजलेला होता, त्यांच्यासाठींच हा विनोद होता.

हा समज पडद्यावर जन्मला नाहीं. तोंडास काळें फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांचे खेळ इ. स. १८३० नंतर अमेरिकेंत लोकप्रिय झाले होते. तेच साचे पुढें वृत्तपत्रांतील चित्रमालिकांत उतरले. विन्सर मॅके याच्या ‘लिट्ल निमो’ (१९११) या पटांतील इंपी हें पात्र अशाच मालिकेंतून आलें. पॅट सुलिव्हन याच्या चित्रशाळेंतील ‘सॅमी जॉनसिन’ (१९१६) हेंहि विल्यम मॅरिनर याच्या ‘सॅम्बो’वर बेतलेलें होतें. संवाद नाहीं व अवधि थोडा, म्हणून पात्र पाहतांक्षणीं ओळखूं यावें, ही अडचण खरी. परंतु तीवरून साचा कां लागला एवढेंच कळतें. तो कोणाचा घेतला, याचें उत्तर समाजाकडेच मागावें लागतें.

इ. स. १९१२ पूर्वीं अमेरिकेच्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत चित्रपटांस स्वतंत्र स्थान नव्हतें. त्यामुळें अनेक निर्मात्यांनीं आपले पट कागदी पट्ट्यांवर छापून वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत दाखल केले. नायट्रेटच्या मूळ प्रती जळाल्या वा कुजल्या. या कागदांनीं मात्र सुमारें ३,००० पट वांचविले.

अपमानकारक भाग गाळून प्रत ‘शुद्ध’ करावी किंवा सूचींतील नांव बदलावें, असा मोह संग्राहकास होतो. परंतु बखरीचीं अप्रिय पानें फाडल्यानें ती शुद्ध होत नाहीं, खंडित होते. आणि ज्यांची थट्टा झाली त्यांच्यावरील अन्यायाचा पुरावाहि नाहींसा होतो. यास्तव प्रत अखंड राखावी, मूळ शब्द जसेच्या तसे नोंदवावे, व पट दाखवितांना त्यांचा अर्थ निःसंदिग्धपणें सांगावा. टीप जोडण्याचा अधिकार संशोधकास आहे. पाठ बदलण्याचा नाहीं.