कोंबडी, मुंगूस आणि एक कडी

आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनूंमुळे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना त्यांनी प्राण दिले. पुढे घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयाला त्यांचेच नाव मिळाले. कालव्याचे पाणी फिरले आणि या भागात ऊस वाढला. उसापाठोपाठ बिबट्या आला. त्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्याच उसात आणि बांधाच्या झुडपांत वावरणाऱ्या मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांची बातमी मात्र कधी होत नाही. त्यांची ये-जा असते थेट परसातल्या खुराड्यापर्यंत.

शहरातल्या वाचकाला वाटेल, एखादी कोंबडी गेली तर त्यात एवढे काय? पण गावाकडचा हिशेब वेगळा असतो. उसाचे आणि दुधाचे पैसे बहुधा घरच्या कारभाऱ्याच्या नावावर जमा होतात. अंड्या-कोंबड्यांचे पैसे तेवढे बाईच्या हातात येतात. मुलांच्या वह्या, माहेरी जायचे गाडीभाडे, अडल्या वेळचे औषध यातून निघते. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची, एकवीस दिवस वाट पाहायची, पिले निघाली की डोळ्यांत तेल घालून जपायची. आणि एका दुपारी त्यातली चार गायब! हा तिच्या साठवणीवरच दरोडा असतो. बिबट्याने शेळी मारली तर पंचनाम्याला माणसे येतात. पिलांच्या पंचनाम्याला कोण येणार?

चोर कोण, हे जाणत्या बायका खुणांवरून सांगतात. भर दिवसा पिले किंवा अंडी गेली तर संशय मुंगसावर, कारण ते उजेडी फिरणारे जनावर. उघड्या अंगणातून पिलू उचलले गेले तर शिकरा किंवा घार. रात्री अख्खी कोंबडी नाहीशी झाली आणि पिसांची रांग कुंपणाकडे गेली तर रानमांजर. पिलू बिळाकडे ओढत नेलेले दिसले तर घूस. अंडी गेली आणि टरफलही मागे नाही, तर बहुधा साप. हे ओळखणे महत्त्वाचे, कारण दिवसाच्या चोराला रात्रीची कडी अडवत नाही.

संतापाच्या भरात पहिला विचार येतो तो फास लावण्याचा किंवा विष घालण्याचा. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे. शिवाय विष कोणाच्या तोंडी जाईल याचा नेम नसतो. आपलाच कुत्रा, शेजारणीचे मांजर, नाही तर वाड्यावरचे घुबड. आणि मुंगूस-रानमांजर शेतकऱ्याचे निव्वळ वैरीही नाहीत. राजस्थानात सरिस्का येथे झालेल्या अभ्यासात रानमांजराचे मुख्य अन्न उंदीर असल्याचे दिसले. वर्षातून एखादी कोंबडी नेणारे जनावर वर्षभर आपल्या शेतातले उंदीरही खात असते.

पकडून लांब सोडावे, तर त्याचा धडा आपल्याच मुलखाने घेतला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात अनेक बिबटे पिंजऱ्यात पकडून दूर सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. मुंगूस माणसावर धावणार नाही हे खरे; पण उंदीर, आडोसा आणि उघडे खुराडे जागच्या जागी राहिले, तर एक गेल्यावर दुसरे येणारच.

मग राखण कुत्र्यावर सोपवावी का? आपल्याकडे तेही धोक्याचे. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आवतण.

उरते ते खुराडे. आमच्या थोरल्या काकूंचा त्यावर एकच मंत्र आहे. परवा मी मुंगसाच्या नावाने बोटे मोडू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आरं, चोराला शिव्या देऊन काय हुतंय? आदी कडी लाव की!’’

काकूंचे खुराडे पाहण्यासारखे आहे. खाली दगडी जोते आणि वर कोबा, म्हणजे घूस पोखरत नाही. बाजूंना अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड जाळी. बाजारात कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. खुराड्यापुढच्या जाळीच्या अंगणात तीच जाड जाळी वीतभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली आहे. उकरणारे जनावर तिथे अडते. बसायची दांडी जाळीपासून दूर, म्हणजे पंजा पोचत नाही. कडीत खिळा अडकवलेला. दिवसा पिले आईसकट डालग्याखाली आणि डालग्यावर दगड. सांजेला सांडलेले दाणे झाडून घ्यायचे, कारण दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. सरपणाची रास खुराड्यापासून लांब. मुंगसाला तोच आडोसा होतो.

कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. दिवेलागणीला ती एकदा दांडीवर बसली की हलत नाही. दाराशी कोणी आले तरी पळत नाही. दिवसभर स्वतःचे पोट स्वतः भरणारा हा जीव रात्री सर्वस्वी आपल्या हवाली असतो. त्याची राखण करायला ना बंदूक लागते, ना विष. दिवस मावळायच्या आत कोंबड्या मोजायच्या आणि कडी लावायची. रोजचे हे पाच मिनिटांचे काम. पण ते घरात नेमके कोणी करायचे, हे ठरलेले असावे. आमच्याकडे ते काकूंच्या नातीकडे आहे, आणि अंड्यांच्या पैशांतला तिचा वाटाही ठरलेला आहे.