युद्ध, कारखानदार आणि सरकार

नाशिक जिल्ह्यांत मालेगांव तालुक्यांतील रावळगांव येथें वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं साखरेची कंपनी स्थापन केली. त्याच जिल्ह्यांत निफाड तालुक्यांतील ओझर येथें १९६४ सालीं लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला. पहिला उद्योग खाजगी भांडवलाचा, दुसरा सरकारचा. वास्तविक हिंदुस्थानांतील पहिला विमान-कारखाना वालचंदांनींच काढला होता. मग ओझरचा कारखाना सरकारी कां, याचें उत्तर युद्धाच्या इतिहासांत सांपडतें.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इंग्रज सरकार आणि वालचंद यांचें फारसें सख्य नव्हतें. १९१९ सालीं निघालेल्या त्यांच्या सिंदिया कंपनीस बलाढ्य इंग्रज आगबोट-कंपन्यांशीं झुंजावें लागलें, आणि त्या झुंजींत सरकारनें तिची पाठ राखली नाहीं. परंतु १९३९ मध्यें युद्ध पेटलें, इंग्लंडला स्वतःलाच विमानें पुरेनात, आणि कालपर्यंत नकोसा वाटणारा कारखानदार हवासा वाटूं लागला. म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीनें २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. पुढील वर्षीं हिंदुस्थान सरकार तिसरा भागीदार झालें, आणि त्याच वर्षीं तेथें जुळविलेलें पहिलें विमान आकाशांत उडालें.

डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरलें. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. विमानांचा प्रश्न आतां जीवनमरणाचा झाला. एप्रिल १९४२ मध्यें सरकारनें वालचंद व त्यांचे सहकारी यांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. मोबदला मिळाला, पण कारखाना गेला.

यांत कोणा एका अधिकाऱ्याची लहर नव्हती. युद्धकाळीं सरकार हेंच मोठ्या कारखान्याचें मुख्य गिऱ्हाईक असतें. पोलाद, यंत्रें, आगबोटींतील जागा आणि परवाने हीं सारीं त्याच्याच हातीं असतात. असें गिऱ्हाईक पाहतां पाहतां धनी बनतें. कापडाच्या गिरण्यांना युद्धानें भरघोस नफा दिला. पण १९४० चा जादा नफ्यावरील कर आणि १९४३ चें कापड-नियंत्रण यांनीं त्यांच्या हिशेबाच्या वह्या सरकारपुढें उघड्या केल्या. गादी राहिली, मोकळीक गेली. उलट वालचंदांच्या मोटार-कारखान्याची युद्धास निकड नाहीं असें सरकारनें ठरविलें. त्यास साहाय्य मिळालें नाहीं. पण १९४४ मध्यें निघालेली प्रीमियर कंपनी त्यांच्याच हातीं राहिली.

युद्ध संपलें, राज्य बदललें, तरी हें नातें पूर्वपदावर आलें नाहीं. ६ एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणानें विमानांचे नवे कारखाने सरकारनेंच काढावे असें ठरलें. त्यामुळें १९६२ मध्यें सोव्हिएट रशियाशीं मिग विमानांचा करार झाला व त्याच वर्षीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां खाजगी कारखानदारास बोलावण्याचा प्रश्नच उरला नव्हता. १९६४ मध्यें बंगळूरची जुनी कंपनी आणि मिगसाठीं स्थापिलेली नवी कंपनी एक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनली. वालचंदांनीं लावलेल्या रोपाची फांदी अशा रीतीनें नाशिक जिल्ह्यांत पोहोंचली, पण मालक बदलून.

संरक्षण-उत्पादनाचें दार खाजगी भांडवलास उघडलें तें २००१ सालीं. तें लावण्यास १९४२ मध्यें कांहीं आठवडे पुरले होते. उघडण्यास जवळजवळ साठ वर्षें लागलीं. युद्धकाळीं सरकारच्या हातीं गेलेली सत्ता शांततेबरोबर आपोआप परत येत नाहीं.